तूर्तास तूर्ता

माझं काम नावं पुकारण्याचं होतं. इस्पितळाच्या बाहेरच्या खिडकीशी बसायचं आणि आतून घंटी वाजली की पुढच्या माणसाचं नाव मोठ्याने घ्यायचं. निवृत्त होईपर्यंत तेच केलं. आवाज अजून तसाच आहे. जेवताना मीठ मागितलं तरी जावई दचकतो. एवढी नावं तोंडातून गेल्यावर त्यांचं कौतुक कुणाला राहणार? नावात शांती असलेली बाई नंबरासाठी बाक आपटायची, आणि नावात विजय असलेला गडी सुई बघून आईच्या मागे लपायचा. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' म्हणतात, ते मी रोज डोळ्यांनी बघितलंय.

सगळ्यात जास्त राग यायचा तो ओ न देणाऱ्यांचा. दोन-दोनदा, तीन-तीनदा हाक मारायची आणि हे गृहस्थ समोरच्या बाकावर बसून पंख्याकडे बघतायत. जवळ जाऊन विचारलं की म्हणणार, "मला वाटलं दुसऱ्याच कुणाला तरी बोलावताय." अहो, तुमचंच ना ते नाव? जन्मापासून तेच ऐकताय ना? मग ओ द्यायला काय जीभ झडते? मी तोंडावर बोलायचे हे. तक्रारी व्हायच्या माझ्या.

एकाच नावाच्या चार बायका एकदम उठायच्या, हे तर नेहमीचंच. पण एक नाव असं होतं की मी ते पुकारलं असतं तर जगात एकच बाई उठली असती. माझी थोरली बहीण. तिचं नाव तूर्ता.

माझं नाव? ते चांगलं आहे. म्हणायला सोपं, अर्थाला गोड, आणि बाबांच्या दुकानाच्या पाटीवर हातभर अक्षरांत रंगवलेलं. ते मी इथे सांगणार नाही. का नाही, ते पुढे येईल.

बाबांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. खाली दुकान, मागे एक खोली, वर दोन खोल्या. दुकानात मशीनं उलटी पाडून ठेवलेली असायची, भिंतीवर खिळ्यांना चामडी पट्टे लोंबायचे, आणि सगळ्याला तेलाचा वास. आम्ही अंघोळ करून शाळेत गेलो तरी मुली म्हणायच्या, "आल्या तेलाच्या कुप्या." बाबा कामाला पक्के होते, पण बोलण्यात कच्चे. दुरुस्त झालेलं मशीन देताना 'झालं' असं कधी म्हणायचे नाहीत. चाक हाताने फिरवायचे, कान देऊन ऐकायचे, आणि म्हणायचे, "तूर्तास चालेल." बायका बिचकायच्या. "म्हणजे पुन्हा बिघडणार का हो?" बाबा म्हणायचे, "तूर्तास नाही." ती मशीनं त्यांच्या मुलींच्या, सुनांच्या हातात गेली तरी कटकट न करता चालायची. आमच्या घरात कुठलीच गोष्ट पक्की नव्हती. भाजी तूर्तास पुरे होती, पाऊस तूर्तास थांबला होता, आणि माझ्या बहिणीला तूर्तास बरं वाटत होतं.

तेव्हा नाव कुठून आलं हे काही गुपित नव्हतं. ते का आलं, हा प्रश्न होता.

अर्थ लावणाऱ्यांची कमी नव्हती. शाळेतल्या बाईंनी फळ्यावर लिहून सांगितलं, तूर्ता म्हणजे त्वरेने जाणारी, वेगवान. आणि त्याच वर्षी ताई धावण्याच्या शर्यतीत शेवटून पहिली आली. समोरचा पेंटर म्हणायचा, ते एका नदीचं नाव आहे. कुठली नदी विचारलं तर म्हणायचा, "आटली आता." लग्नासाठी बघायला आलेल्या एका मुलाच्या मामाने विचारलं, "तूर्तास तूर्ता, मग कायमचं नाव काय?" आणि स्वतःच्या विनोदावर खोकला येईपर्यंत हसला. ताईने त्याला पाणी दिलं. मुलाला नकार दिला. पुढे तिने लग्न केलंच नाही आणि त्याचं तिला दुःखही नव्हतं. बाबा गेले तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर तिने उचलला. तोवर ती त्यांच्यापेक्षा बरं काम करायला लागली होती. ते तूर्तास म्हणायचे, ही तेही म्हणायची नाही. चाक फिरवून गिऱ्हाइकाकडे नुसती बघायची.

आई मागच्या खोलीत खिडकीशी बसून लोकांच्या कपड्यांना बटणं लावायची. ऐंशी उलटली तरी लावते. आईच्या दोन तऱ्हा होत्या. एक म्हणजे ती पुढच्या दाराने कधी ये-जा करायची नाही. बाजारात जायचं तर मागच्या बोळातून, कचऱ्याचे डबे ओलांडून. "अगं, पुढून दोन पावलं आहेत," म्हटलं की म्हणायची, "मागून बरं पडतं." आणि दुसरी म्हणजे तिने मला नावाने कधी हाक मारली नाही. ताईला तूर्ता म्हणायची, मला धाकटी. "धाकटे, ताट घे." "धाकटीला सांगा, आई वाट बघतेय." मला वाटायचं, शेंडेफळाचे लाड आहेत. बाबा मात्र मला नावाने हाक मारायचे, तीही रस्त्याच्या पलीकडे जाईल अशी. माझा आवाज तिकडूनच आलाय.

तर माझी लेक. तिला जन्म मी दिला, पण वाढवली ताईने. इस्पितळातल्या ड्युट्या, नवरा फिरतीवर, मग पोर दिवसभर दुकानात. मशीनखाली बसून रिकाम्या बॉबिनांच्या गाड्या करायची. पहिला शब्द 'आई' म्हणाली नाही, 'मावशी' म्हणाली. मला लागलं होतं ते, खोटं कशाला बोलू. पण तेव्हा मी खिडकीशी बसून दुसऱ्यांची नावं पुकारत होते, तर दोष कुणाला द्यायचा?

लेकीला दिवस गेले. आठव्या महिन्यात, एका दुपारी, आम्ही सगळ्या दुकानात असताना ती स्टुलावर बसून म्हणाली, "मावशी, मुलगी झाली तर नाव ठरलंय. तूर्ता."

ताईच्या तोंडात स्क्रू होते. काम करताना ती ते ओठांत धरते. तिने एकेक काढून डबीच्या झाकणात ठेवले. मग म्हणाली, "नाही."

"का?"

"माझ्याबरोबर जाऊ दे ते. पोरीच्या गळ्यात बांधू नकोस."

"मला आवडतं."

"तुला आवडायला काय जातंय! तुला चांगलं ठेवलंय." ताईने चिंधीला हात पुसले. "कच्चा टाका माहितेय ना? माप बघायला घालतात, मग उसवून फेकून देतात. तसं आहे माझं नाव. उसवायचं राहून गेलं, एवढंच."

"मावशी, काहीतरीच काय."

"काहीतरीच नाही. मी जन्मले ती मुठीएवढी. सगळ्यांना वाटलं, ही काय राहत नाही. मग राहत नसलेल्या पोरीसाठी नाव कोण शोधत बसतंय? तूर्तास काहीतरी म्हणा. मग मी मेले नाही, आणि नीट नाव ठेवायचं कुणाला सुचलं नाही. मला नाव ठेवलंच नाही गं कुणी, नुसती नावं ठेवली. आणि ही आली," ताईने स्क्रू-ड्रायव्हर माझ्याकडे केला, "तर हिचं नाव थेट पाटीवर! मला कळायला लागल्यापासून बघतेय. दुकान मी झाडायचं, मशीनं मी उचलायची, आणि वर पाटी बाईसाहेबांची."

"मी सांगायला गेले होते का, पाटी रंगवा म्हणून?" मी म्हणाले.

"तू कशाला सांगतेस. तू दूध पीत होतीस."

खरं सांगते, असं बोलताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. म्हातारपणाला टेकलेली बाई, अख्ख्या बाजारात तिच्या हाताला तोड नाही, आणि मनात हे धरून बसलेली. लेक गप्प झाली. पण ती गप्प झाली म्हणजे ऐकलं असं नाही; ती मावशीवर गेलीय. जाताना दारातून म्हणाली, "मग माझ्या पोरीला नावच नको. तू हो म्हणशील तेव्हा ठेवू."

मागच्या खोलीत आई होती. दार उघडंच होतं. तिने दात लावून दोरा तोडला, तो आवाज मला ऐकू आला.

मुलगीच झाली. काळीसावळी, डोक्यावर भरपूर केस, आणि रडताना आवाज असा की प्रसूतिगृहातल्या नर्सने विचारलं, "आजीवर गेली का?" ताई बघायला आली. हाताने शिवलेली चार झबली आणली होती, शिवणी इतक्या बारीक की शोधाव्या लागाव्यात. बाळाला घेतलं, तिच्या मुठी उघडून बघितल्या, नखं बघितली. तिचा चेहरा असा सैल झालेला मी कधी बघितला नव्हता. आणि आमच्या शहाणीला तेव्हाच सुचलं. म्हणते कशी, "हाक मार ना तिला."

ताईने बाळ पाळण्यात ठेवलं आणि पिशवी उचलून निघून गेली.

मग सुरू झालं नाटक. दोघी हट्टाला पेटल्या. ताई बाळाला बघायला येईना, लेक दुकानाकडे फिरकेना. बाळाला मी पिल्लू म्हणायचे, जावई मॅडम म्हणायचा, आणि शेजारीण 'ही' म्हणायची. जावयाने मोबाईलवर नावं शोधून आणली. प्रत्येक नावाचा अर्थ एक तर प्रकाश, नाही तर देणगी. लेकीने मोबाईल उलटा करून ठेवला. इस्पितळातून माझ्या जुन्या सोबतिणीचा फोन आला, "अहो, तुमच्याच घरचं बाळ बिननावाचं? तुम्ही आम्हाला केवढं बोलायचात!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि वाईटही वाटत होतं. नुसती चिडले नव्हते मी. लेक रात्रंदिवस जागून दमलेली, मधूनच विचारायची, "मावशीचा फोन आला का?" ताईकडे गेलं तर ती मशीनमधून मान वर न काढता विचारायची, "वजन वाढतंय का तिचं?" नाव एकीला द्यायचं होतं, दुसरीला द्यायचं नव्हतं, आणि दोघींना एकमेकींशिवाय करमत नव्हतं. मधल्यामध्ये मी.

एका सकाळी मी लेकीला म्हणाले, "उठ. बाळाला गुंडाळ. आज काय तो सोक्षमोक्ष लावू." ती नको नको म्हणत होती. मी आवाज लावला. आली.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ताई एका जुन्या मशीनचं चाक फिरवून बघत होती. बाळाला बघून तिचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा फिरायला लागला. मी कुणाशी काही न बोलता सरळ मागच्या खोलीत गेले आणि आईची खुर्ची, आईसकट, दुकानात उघडणाऱ्या आतल्या दारापर्यंत ओढत आणली. म्हातारी हलकी झालीय. मांडीवर कुणाचा तरी शर्ट, हातात सुई.

"आई," मी म्हणाले, "ताईचं नाव का पडलं, ते तुला ठाऊक आहे. बाबा होते तेव्हा म्हणायचीस, त्यांना विचारा. ते गेले तेव्हा म्हणालीस, आता काय त्याचं. या घरात चार पिढ्या बसल्यात आणि चौथीला नाव नाही. आज सांगितल्याशिवाय मी हलणार नाही."

"ओरडू नकोस, बाळ उठेल," आई म्हणाली. तिने सुई बाहीला टोचून ठेवली. खूप वेळ शर्टाची घडी करत बसली. मग ताईकडे बघून म्हणाली, "तुझ्याआधी एक होती."

चाक थांबलं.

"मुलगी. पहिली. ती पोटात असताना यांनी नावाचा ध्यास घेतला. मशीन घेऊन येणाऱ्या बाईला विचारायचे, दूध टाकणाऱ्याला विचारायचे. मला झोपेतून उठवून म्हणायचे, हे कसं वाटतं? शेवटी एक सापडलं. मग काय, जन्माच्या आधीच पाटी रंगवून आणली. मी म्हटलं, अहो, मुलगा झाला तर? म्हणाले, होत नाही. आणि मुलगीच झाली. त्या दिवशी 'तूर्तास' म्हणाले नाहीत. म्हणाले, आता पक्कं. जन्मात तेवढं एकदाच."

"मग?" लेकीने विचारलं. बाळाला तिने घट्ट धरलं होतं.

"मग काय. दात यायच्या आधी गेली. ताप आला आणि गेली."

मीच विचारलं, "आणि पाटी?"

"पाटी राहिली," आई म्हणाली. "काढा म्हटलं तर काढेनात. मी तिच्याखालून जायचं सोडलं."

मला मागचा बोळ आठवला. कचऱ्याचे डबे आठवले. मी तोंड मिटून घेतलं, आणि ते मला सहसा जमत नाही.

"मग तू झालीस," आई ताईला म्हणाली. "मुठीएवढी, ते खरंय. मला दूध नव्हतं. शेजारी नवीन काकू राहायला आल्या होत्या, त्या मदतीला यायच्या. यांनी दारातूनच त्यांना सांगितलं, 'तूर्तास बाहेरचं दूध द्या.' त्या बाईला यांच्या बोलण्याची सवय कुठे होती? तिला वाटलं, पोरीचं नाव तूर्ता. तूर्तास दूध द्या, म्हणजे तूर्ताला द्या. जुन्या वळणाचं बोलणं असेल, म्हणाली. झालं. 'तूर्ताला आज दोन चमचे जास्त गेलं, तूर्ताला ढेकर आला.' सगळ्या गल्लीत करून टाकलं. मला हसू यायचं. त्या घरात किती दिवसांनी मी हसत होते."

"म्हणजे काकूंनी ठेवलं," ताई म्हणाली. आवाज कोरडा होता. "बाबांनी तेही नाही."

"ऐक तर. दुकानातून दिवसातून दहादा वर यायचे. आत यायचे नाहीत. दारात उभं राहून विचारायचे, 'तूर्ता?' मी म्हणायचे, 'आहे.' मग खाली जायचे. पुन्हा वर. 'तूर्ता?' 'आहे.' रात्री झोपेतसुद्धा. तू वर्षाची झालीस, पावलं टाकायला लागलीस, तेव्हा मी म्हटलं, आता तरी पोरीला चांगलं नाव ठेवा. तर माझ्यावर असे ओरडले! कधी ओरडायचे नाहीत, तुम्हाला माहितेय. म्हणाले, 'याच नावाने जगलीय ती. हात लावायचा नाही त्याला.'" आईने शर्टाची घडी पुन्हा उलगडली. "विसरले नव्हते ते. हिंमत नव्हती त्यांची."

ताईने मशीनवर दोन्ही हात ठेवले आणि तशीच उभी राहिली. तेलकट बोटं, नखांत काळी रेघ. ती रडली नाही. मी वाट बघत होते, पण रडली नाही.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मला जरा उशिराच पडतो.

"आणि मी?" मी म्हणाले. "पाटीवर माझं नाव..."

आईने माझ्याकडे बघितलं नाही. "तू झालीस तोवर यांची भीती उडाली होती. जन्मल्याजन्मल्या असा टाहो फोडलास की रस्त्यावरची माणसं वर बघायला लागली. हे म्हणाले, हिला काही होत नाही. नाव तयार आहे, पाटी तयार आहे, वाया कशाला घालवायचं?"

"वाया कशाला घालवायचं!"

"दुरुस्तीवाला माणूस तो. एका मशीनचा चांगला भाग काढून दुसऱ्याला बसवायचा. फेकवायचं नाही त्यांना काही." आई आता शर्टाच्या बटणाशी चाळा करत होती. "मी नको म्हटलं होतं. दोन दिवस जेवले नाही. ऐकलं नाही त्यांनी. मग ते नाव तेच घेत राहिले, मी घेतलं नाही. तुमच्यापैकी कुणी विचारलं तर काय सांगणार होते? तिचं नाव घेतल्याशिवाय सांगता येत नव्हतं. आणि तिचं नाव तुला लावलेलं."

तर असं. म्हणजे माझ्या नावाची मी तिसरी. पहिली ती, दुसरी पाटी, तिसरी मी. पाटीचासुद्धा नंबर माझ्या आधी. जन्मभर मी बाकावरच्या लोकांना ओरडत होते की नंबर तोडू नका. राग आला मला, आणि तो काढायला माणूस नव्हता. बाबा भिंतीवरच्या फोटोत, आई एवढीशी होऊन खुर्चीत. आणि लाज वाटली, कारण ज्या पोरीचा राग आला ती पोर दात यायच्या आधी गेलेली. म्हणून मी नाव सांगत नाही. ते एकट्या माझं असतं तर सांगितलं असतं.

"ती पाटी," ताई म्हणाली, "मी दर आठवड्याला पुसते. दात-ओठ खाऊन पुसते. तुझं नाव म्हणून."

"माहितेय मला," मी म्हणाले. "एकदा स्टुलावरून पडली होतीस आणि मला शिव्या दिल्यास."

"तिचं होतं ते."

"हो."

"वेडाबाई," ताई म्हणाली. मला म्हणाली, की त्या पोरीला, की स्वतःला, कळलं नाही. मग ती मोरीत गेली आणि साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत, घासून घासून. परत आली ती सरळ लेकीपुढे उभी राहिली आणि हात पसरले. लेकीने बाळ दिलं. बाळ जागं झालं होतं आणि तोंड वाकडं करून रडायच्या बेतात होतं. ताईने तिला खांद्याशी धरलं नाही, समोर धरलं, मशीन तपासायला घेतल्यासारखं, आणि नीट बघितलं.

"तूर्ता?" ती हळूच म्हणाली. दारातून विचारावं तसं.

"आहे," खुर्चीतून आई म्हणाली.

तिला बोलायचं नव्हतं. तिच्या तोंडून आपसूक गेलं. आणि तेव्हा ताईचा बांध फुटला. बाळाला छातीशी धरून ती अशी रडली की बाळ रडायचं विसरून तिच्याकडे बघत राहिलं. लेकही रडली. मी रडले नाही असं सांगायचा विचार होता, पण जाऊ दे.

बऱ्याच वेळाने ताईने नाक पुसलं. "ठेव," ती लेकीला म्हणाली. "तूर्तास ठेव."

"तूर्तास म्हणजे?" लेक घाबरली. "पुन्हा नाही म्हणशील?"

"अगं गाढवे, तूर्तास म्हणजे कायमचं. या घरात राहून एवढं कळलं नाही तुला?"

मग सगळं पूर्ववत झालं. ताईने मला सांगितलं की बाळाला मी चुकीचं धरते. मी तिला सांगितलं की दुकानात बाळाला तेलाचा वास लागेल. लेकीने इस्पितळात फोन करून नाव सांगितलं, तर पलीकडून तीनदा विचारलं, "काय? पुन्हा सांगा." तिने अक्षर अक्षर फोडून सांगितलं. एक गिऱ्हाईक मशीनचं शटल घ्यायला आलं आणि बाळ बघत उभं राहिलं. त्या बाईने नाव विचारलं, लेकीने सांगितलं, बाई म्हणाली, "वेगळंच आहे. अर्थ काय?" लेकीने ताईकडे बघितलं. ताईच्या तोंडात पुन्हा स्क्रू होते. तिने खांदे उडवले.

आम्ही निघालो तेव्हा दुपार टळली होती. लेक बाळाला घेऊन पुढे गेली, मी पायरी उतरून पाटीखाली थांबले. रोज बघितलेली पाटी. निळ्यावर पांढरी अक्षरं, शेवटच्या अक्षराचा रंग थोडा पोपडा धरलेला. बाबांनी ती रंगवून आणली तेव्हा ते माझ्या जावयाएवढे असतील. मी ती अशी वाचत होते, जशी आजवर दुसऱ्यांची नावं वाचली.

मागून कुणीतरी हाक मारली. मी लक्ष दिलं नाही.

पुन्हा हाक आली. बारीक आवाज, जरा अडखळता, पहिलं अक्षर चाचपडत घेतल्यासारखा. नाव कानावर पडलं, पण मला वाटलं, रस्त्यावरच्या दुसऱ्याच कुणाला तरी असेल. मी पाटीकडेच बघत होते.

"अगं आई," लेक वळून म्हणाली, "ऐकू येत नाही का? आजी हाक मारतेय तुला."

मी वळले. आई पुढच्या दारात उभी होती. एक हात चौकटीला, दुसऱ्या हातात आमचं राहिलेलं टोपडं. ती वर बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती, आणि तिसऱ्यांदा हाक मारायला तिने तोंड उघडलं होतं.

मी ओ दिली.